अमावास्येचे तेल

डिंभे धरणाच्या पाण्याने पलीकडच्या वाड्यांची वाट तोडली, तेव्हापासून सरूबाईंची बोट हीच त्या वाड्यांची वाट होती. घोडेगावची एसटी धरायची असो की दवाखाना गाठायचा असो, माणूस आधी सरूबाईंच्या काठाला येई. बुधवारी तपासणीला येणारे साहेब बोट नापास करून गेले, तर वाड्यांतल्या बायाबापड्यांना तीन तासांची डोंगरवाट तुडवावी लागणार होती.

आणि बोट नेमकी आताच काळी पडली होती. फायबरच्या कडा आणि बसायच्या फळ्या जिथे जुळतात, तिथल्या फटींत गेल्या वर्षी पांढरे सिलिकॉन भरले होते. त्यावर आता बुरशी चढली होती; दोन ठिकाणी ते सुटून पाणीही झिरपत होते.

"आक्का, बोटीला काजळ कुणी घातलं?" शेजारचा गेणभाऊ काठावरून ओरडला.

"तुझ्या तोंडापुरतं शिल्लक ठेवलंय. ये असा जवळ," सरूबाई म्हणाल्या.

मुलगा भरत चाकणला कारखान्यात होता. दोन वर्षे बोट चालवत होती ती सून अश्विनी. रविवारी तिने सुटलेले तुकडे काढले, बुरशी घासली आणि फटींत नवे सिलिकॉन भरले. सोमवारी सकाळी सरूबाईंनी त्याचे टोक चिमटीत धरले, तर अख्खी पट्टी दुधावरच्या सायीसारखी हातात आली. त्यांनी ती नाकाशी नेली. शेंगतेलाचा वास!

तो वास त्यांच्याच हाताचा होता. त्यांच्या माहेरी, पिंपळवंडीला, दर अमावास्येला बैलगाडीचा आस आणि नांगर तेलाने पुसत. गाडी गेली, बैल गेले, पण घरासाठी राबणाऱ्या वस्तूला तेल लावायचा नेम सरूबाईंनी सोडला नव्हता. दर अमावास्येला हळदकुंकू वाहून त्या बोटीचा सांधा न् सांधा तेलाने माखत.

"तेलानं झालं हे?"

अश्विनी पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. "तेलावर धूळ बसती, आत्याबाई. धुळीत ओल राहती, अन् ओलीवर बुरशी. तेलावर नवं सिलिकॉनबी धरत न्हाई; मला वाटलं, घासल्यावर धरंल. मंचरचा दुकानदार सांगत व्हता."

"कधी सांगितलं त्यानं?"

"शिमग्याला."

"आणि तू आज सांगतेस?"

"तुमी पूजा करीत व्हता. मी कुठल्या तोंडानं बोलणार?"

सरूबाईंच्या घरात त्यांना चूक दाखवायची पद्धत नव्हती, आणि हा पायंडा त्यांनी स्वतःच पाडला होता. त्यांनी पाण्यापलीकडे पाहिले. पलीकडच्या काठावर माणसे बोटीची वाट पाहत उभी होती. त्यांनी पदर खोचला.

"सगळं काढ. जुनंबी अन् नवंबी."

"सगळं? परवा साहेब येणार!"

"म्हणूनच. बिनधारेचा विळा दे मला. आणि तेल कसं काढायचं ते मला शिकवू नकोस. तेलकट भांडी घासण्यात जन्म गेलाय माझा."

दुपारपर्यंत सासू-सुनांनी फटी रिकाम्या केल्या. सरूबाईंनी कढत पाण्यात धुण्याचा सोडा कालवून प्रत्येक सांधा घासला, दोनदा स्वच्छ पाण्याने धुतला. मग अश्विनीने विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवली, फडक्याच्या चिंध्या त्यात भिजवून काळ्या डागांवर तासभर दाबून ठेवल्या आणि मग ते डाग जुन्या टूथब्रशने घासले. डाग फिके होत गेले, शेवटी पार गेले.

"गेणभाऊ," सरूबाईंनी हाक दिली, "चार माणसं आण. बोट उन्हात ओढायची हाय."

"आक्का, माझी पाठ दुखती."

"थट्टा करताना दुखत न्हाई ती?"

गेणभाऊ हसत पाच माणसे घेऊन आला.

मंगळवारी दुपारपर्यंत कार्तिकातल्या कडक उन्हाने फटी खडखडीत वाळल्या. अश्विनीने हात फिरवून पाहिला, तेव्हा कुठे नवे सिलिकॉन भरले. बुधवारी उन्हे वर येईपर्यंत ते पक्के बसले.

साहेबांनी प्रत्येक सांधा नखाने टोकरून पाहिला. बोट पाण्यात ढकलायला लावली आणि तळाला बसून कितीतरी वेळ पाहिले. थेंबही आला नाही.

"काम नीट झालंय," ते म्हणाले. "कोणी केलं?"

गेणभाऊने सरूबाईंकडे बोट दाखवले.

"मी न्हाई," सरूबाई ठणकावून म्हणाल्या. "मी बिघडवलं. दुरुस्त केलं ते माझ्या सुनेनं. बोटीचं काही इचारायचं तर यापुढं हिला इचारा."

अश्विनीने मान वर केली. साहेबांनी कागदावर सही केली आणि तिच्याकडूनच पोच घेतली.

पलीकडून हाका येऊ लागल्या होत्या. अश्विनी इंजिनाशी बसली, आणि सरूबाई उतारूंच्या फळीवर.

"आत्याबाई, तुमी कुठं?"

"पलीकडं. माझी जुनी मैतरीण साळुबाई हाय तिकडं, तिला बघून येते." सरूबाईंनी पाय पसरले. "निघ आता, माणसं उन्हात ताटकळलीत."