जुन्या मॉडेलची पिन

"मिळाली का पिन?" ठेकेदाराने काउंटरवर कोपरं टेकत विचारलं.

"नाही मिळाली," हे म्हणाले. "जुनं मॉडेल आहे. कारखान्याने कधीच बंद केलंय."

"सात महिने हेच ऐकतोय, मिस्त्री. कुठल्याही पिस्तुलाचा कुठलाही भाग शोधून काढता म्हणे तुम्ही. आणि काडीएवढी पिन मिळेना?"

"नाही मिळत."

मी वहीत डोकं खुपसून बसले होते. पिन माझ्या पाठीमागच्या कपाटात, एक्केचाळीस नंबरच्या खणात होती. लग्नाला चौतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत ह्यांनी माझ्याशी तीनदा खोटं बोलायचा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा कान लाल होऊन पकडले गेले. आत्ताही कान लाल झाले होते. ठेकेदाराला त्या कानांचं काही माहीत नव्हतं, हे आमचं नशीब.

आमचं दुकान शस्त्रदुरुस्तीचं, रीतसर परवान्याचं. नव्या मालात ह्यांना कधीच रस नव्हता. जुन्या पिस्तुलांवर मात्र जीव. एका स्प्रिंगसाठी ह्यांनी चौदा पत्रं लिहिली आहेत. बंद पडलेल्या दुकानांना, निवृत्त झालेल्या मिस्त्रींना, मिस्त्री वारले असतील तर त्यांच्या बायकांना. भंगाराचे डबे उपसून कपडे काळे करून यायचे आणि वर मलाच म्हणायचे, "मिळत नाही म्हणणारा माणूस आळशी असतो." माझ्या चष्म्याचा पडलेला स्क्रू मात्र ह्यांना दोन वर्षं सापडला नाही.

आलेला प्रत्येक भाग कागदी पाकिटात घालायचा आणि वर मॉडेल, भाग, गिऱ्हाईकाचा नंबर आणि तारीख लिहायची, हे काम माझं. अक्षर माझं छापल्यासारखं आहे. त्याचा मला गर्व होता.

ठेकेदार जानेवारीत पहिल्यांदा आला तेव्हा हसत हसत म्हणाला होता, "ऐन वेळी दगा दिला हो ह्या पिस्तुलाने." ह्यांनी पिस्तूल उघडून पाहिलं. घोडा नीट पडत होता, पण पिनेचं टोक तुटलं होतं. घोडा आपटला की ही पिन पुढे जाऊन गोळीच्या बुडाला टोचते. टोकच नसलं की नुसतं खट्ट वाजतं. नव्या मॉडेलची पिन दोन केसांनी जाड, आत जाईना. घरी घडवावी तर आमचा परवाना दुरुस्तीचा, बनवण्याचा नाही. ठेकेदाराने दुसरं पिस्तूल घ्यायचं म्हटलं तर त्याच्या परवान्याची नव्याने चौकशी झाली असती, आणि चौकशी त्याला नको होती. म्हणजे शोधणं आलं. हे खुशीत पत्रं लिहायला बसले.

चार दिवसांनी भर दुपारी त्याची बायको आली. ऊन असूनही गळ्याभोवती रुमाल गुंडाळलेला.

"काका, त्यांचं पिस्तूल तुमच्याकडे आहे ना? ते दुरुस्त करू नका."

ह्यांनी हातातली कानस खाली ठेवली.

"जेवण गार होतं म्हणून चिडले. ते पिस्तूल माझ्या कपाळाला लावलं आणि चाप ओढला. खट्ट झालं." ती अगदी सावकाश बोलत होती. "मग त्यांनी उघडून बघितलं. गोळी आतच होती. मला दाखवली. म्हणाले, नशीबवान आहेस. दुरुस्त करून आणतो."

"पोलिसांत का नाही गेलीस?" मी विचारलं.

"गेले होते, काकू. त्यांनी माझ्या नवऱ्यालाच फोन केला." तिने रुमाल सैल केला. गळ्यावर दोन्ही बाजूंनी बोटं उमटली होती, अंगठे तर मोजता आले असते.

"आईकडे जा मग."

"आईच्या दारात येऊन दोघींना एकदम संपवीन म्हणालेत."

ह्यांनी कानस पुसून खणात ठेवली. मग म्हणाले, "पिन मिळत नाही, पोरी. जुनं मॉडेल आहे."

तिने ह्यांच्याकडे पाहिलं. बोलण्याचा अर्थ ध्यानात यायला तिला थोडा वेळ लागला. मग रुमाल पुन्हा नीट गुंडाळून ती निघून गेली.

तोवर ह्यांची पत्रं गेलेली होती, आणि महिन्याभरात एका वारलेल्या मिस्त्रीच्या बायकोने पिन पाठवलीच. शिवणाच्या डब्यातल्या बटणांत सापडली, असं तिने चिठ्ठीत लिहिलं होतं. हे पिन उजेडात धरून लहान मुलासारखे हसले आणि हसता हसताच त्यांचा चेहरा उतरला. मी तोवर सवयीने पाकीट लिहूनही टाकलं होतं.

"गटारात टाका," मी म्हटलं.

"चांगला भाग आहे गं. कदाचित शेवटचा असेल."

"म्हणूनच टाका."

टाकवली नाही ह्यांच्याने. चांगला भाग ह्या माणसाने जन्मात फेकलेला नाही. हे जेवायला गेल्यावर मला फेकता आली असती. मीही फेकली नाही. इतकी वर्षं ह्या दुकानात बसून मीही त्यांच्यासारखीच झाले होते. ठेकेदार दर महिन्याला यायचा, 'नाही मिळत' ऐकून जायचा. त्याच्या बायकोचे सात महिने असे गेले.

त्या दिवशी मात्र तो गेला नाही.

"वहिनी, पाणी द्या जरा," तो म्हणाला. मी उठले तसा तो काउंटरला वळसा घालून आत आला आणि कपाटासमोर उभा राहिला. खणांवर नंबर आणि त्याखाली मॉडेलचं नाव मीच लिहिलेलं, लांबून वाचता येईल असं. त्याने एक्केचाळीसचा खण बाहेर ओढला. माझ्या हातातला तांब्या सुटला.

त्याने पाकीट मोठ्याने वाचलं. "गिऱ्हाईक नंबर एकशे बारा. तो मीच ना? तारीख, एकवीस फेब्रुवारी." भिंतीवरच्या कॅलेंडरवर ऑगस्ट होता. तो त्याने नीट पाहून घेतला. "ती इथे आली होती तर."

त्याने ह्यांच्या तोंडावर ठोसा मारला. चष्मा फुटला. दुसऱ्या ठोशाला हे टेबलावर कोसळले. मी मध्ये पडले तर मला केसांना धरून कपाटावर आपटलं. फुटलेल्या कपाळाचं रक्त डोळ्यांत उतरलं आणि सगळं लाल दिसायला लागलं. त्याने कपाटात पडून असलेलं आपलं पिस्तूल आणि ते पाकीट ह्यांच्यासमोर टाकलं.

"बसव. माझ्यासमोर."

हे उठले. ओठ फाटून रक्त हनुवटीवर आलं होतं. ह्यांनी पाकीट उघडून पिन काढली आणि वस्तू घट्ट धरायच्या लोखंडी शिकंज्यात अर्धी अडकवली. दांडा फिरवून पक्की केली. रोज करतात तसंच, जराही घाई न करता. ठेकेदाराला वाटलं, काम सुरू झालं. मलाही तसंच वाटलं आणि क्षणभर मला ह्यांचा राग आला.

ह्यांनी हातोडी उचलली आणि पिनेवर आडवा घाव घातला. टक् असा आवाज झाला. अर्धी पिन शिकंज्यात राहिली, अर्धी फरशीवर कुठेतरी उडाली.

"मिळत नाही," हे म्हणाले. कान लाल झाले नव्हते.

त्याने ह्यांचा उजवा हात शिकंज्यात घातला आणि दांडा फिरवला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. हे ओरडले तसं कुठलंही माणूस ओरडलेलं मी ऐकलेलं नाही. हातोडी माझ्या हातात कशी आली ते ठाऊक नाही. मी त्याच्या कानावर मारली. तो वळला तेव्हा तोंडावर मारली, आणि तो खाली बसल्यावरही मी थांबले नाही. तो रांगत दाराशी गेला. त्याचे दोन दात आमच्या फरशीवर पडले होते. मला वाईट वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. वाईट एवढंच वाटतं की दांडा आधी सैल करायला हवा होता आणि मी त्याला मारत बसले.

जाताना त्याने पिस्तूल तेवढं उचललं होतं. आम्ही दवाखान्यात पोचलो तोवर तो घरी पोचला होता. पिस्तुलातून गोळी सुटणार नव्हती, म्हणून त्याने बायकोला त्याच्या दस्त्याने मारलं. शेजाऱ्यांनी दार तोडलं तेव्हा तो मारतच होता. या वेळी मात्र पोलिसांना त्याला न्यावंच लागलं.

ह्यांची तीन बोटं काढली. तिचा डावा डोळा गेला. दवाखान्यात ती एकदा भिंत धरत धरत ह्यांच्या खाटेपर्यंत आली होती. तारखेचं मी तिला सांगितलं, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "गोळी डोळ्यापाशी थांबली नसती, काकू." हे तिने समजुतीसाठी म्हटलं, पण मला काही झोप लागली नाही. त्यानंतर मी पाकिटांवर तारीख घातली नाही. ह्यांच्या ते लक्षात आलं होतं.

त्याला शिक्षा झाली, परवाना रद्द झाला. मग एक दिवस सकाळी हवालदार ते पिस्तूल घेऊन दुकानात आला. बरोबर ती होती, परवान्याचं पुस्तक जमा करायला आलेली. केस आता आईने विंचरावेत तसे चापून विंचरलेले होते. पिस्तूल मोडीत काढायचं होतं आणि त्यासाठी परवानाधारक मिस्त्रीचा शेरा लागतो.

"शस्त्र दुरुस्त होऊ शकतं का, एवढंच लिहा," हवालदार म्हणाला.

ह्यांनी पिस्तूल डाव्या हाताने उचललं. दस्त्याच्या खाचेत काळं काहीतरी वाळून बसलं होतं. हे त्याच्याकडे पाहत राहिले, मग पिस्तूल हलकेच खाली ठेवून माझ्याकडे कागद सरकवला.

"लिही. भाग मिळत नाही."

मी लिहिलं. ह्यांनी डाव्या हाताने सही केली. शाळेत जाणाऱ्या पोराने काढावी तशी वाकडी आली. मी कागद हवालदाराकडे सरकवू लागले तेव्हा ह्यांनी उरलेल्या दोन बोटांनी तो दाबून धरला.

"तारीख राहिली," हे म्हणाले.

मी मान हलवली. ती समोर उभी होती, एका डोळ्याने माझ्याकडे पाहत.

"लिही गं," हे म्हणाले. "तुझं अक्षर चांगलं आहे."

मी तारीख लिहिली.