गादीवरचा लॅपटॉप

धाकट्या बहिणीच्या पत्राला आपण अजून उत्तर दिलेलं नाही, हे चंद्रभानजींना रोज सकाळी खिशाला पेन लावताना आठवायचं. कळमेश्वरहून आलेलं ते पत्र होळीच्या आधीचं, आणि आता अक्षय्य तृतीयाही होऊन गेली होती.

गोपिका फोन करत नसे असं नाही, पण फोनवर चंद्रभानजी नुसतं हं-हं करत. शेवटी तिनं कागदावरच लिहिलं: "दादा, तू फोनवर बोलत नाही म्हणून लिहून राहिली. एकटा काहून राहतो गा तिथं? मागची खोली रिकामी आहे. तू येणार असला तर चुना मारून ठेवू, नाही तर एमआयडीसीतली पोरं भाड्यानं मागून राहिली. काय ते एक कळवजो."

काय ते एक! तेच तर चंद्रभानजींना ठरवता येत नव्हतं. काम जमतंय तोवर नागपूर सोडायचं नाही, आणि जमेनासं झालं की कुणी सांगायच्या आत आपण होऊन निघायचं, इतपत त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. अडलं होतं ते एवढ्यावरच, की काम जमतंय की नाही हेच कळेना.

ग्रंथालयातली नोकरी संपल्यावर ते गांधीबागेत भैय्याजींच्या साड्यांच्या ठोक दुकानात बिलं लिहायला बसू लागले. अक्षर सुरेख, बोलणं कमी. भैय्याजींना माणूस आवडला. पण गेल्या दिवाळीनंतर बिलबुकं गेली आणि दोन लॅपटॉप आले. एक भैय्याजींच्या मुलाच्या, विक्रमच्या, काचेच्या केबिनमध्ये टेबलावर. दुसरा चंद्रभानजींसमोर, पांढऱ्या चादरीच्या गादीवर. चंद्रभानजी शिकले. बोटं चाचपडायची, पण शिकले. थंडी होती तोवर सगळं बरं चाललं. उन्हं तापू लागली आणि लॅपटॉप मंदावला.

सकाळी ठीक असायचा. गिऱ्हाईक वाढलं की मात्र एक बटण दाबावं आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरत बसावं. आतून घरघर ऐकू यायची. चंद्रभानजींना वाटायचं, आपण काही चुकीचं दाबलं. मग ते पुन्हा दाबायचे, आणि मग खरोखरच चुकायचं.

"चंद्रभानजी, बिल होऊन राहिलं की पोथी लिहून राहिले?" गादीवर ऐसपैस बसलेला काटोलचा व्यापारी हसून म्हणायचा. "माही बस जाते ना जी!"

चंद्रभानजी कसनुसं हसायचे. कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या.

विक्रमनं सरिताला बोलावलं. बर्डीवर तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. चपला बाहेर काढून ती आली, लॅपटॉप पिशवीत घालून घेऊन गेली आणि दोन दिवसांनी परत घेऊन आली. "नको ते प्रोग्राम काढले, व्हायरस पाहिला, मेमरीही वाढवून दिली. माझ्याकडे दिवसभर चालवला काका, घोड्यासारखा पळून राहिला होता."

इथेही पळाला. दुपारपर्यंत. मग पुन्हा तेच चक्र.

सरिता परत घेऊन गेली. तिच्या दुकानात पुन्हा घोडा, गादीवर पुन्हा बैल. तिलाही उमजेना. "मशीनमध्ये तर काहीच नाही," ती विक्रमला हळू आवाजात म्हणाली. पण चंद्रभानजींना ऐकू कमी येतं असा लोकांचा उगाच समज होता. मशीनमध्ये काही नाही, मग कशात आहे, असा प्रश्न त्यांना रात्री जेवताना पडला आणि भाजीला चव लागेना.

शेवटी विक्रमनं एक युक्ती काढली. "आपण अदलाबदल करू. माझा काकांले देऊ, काकांचा मी घेतो. दूध का दूध, पानी का पानी."

तसं केलं. विक्रमच्या टेबलावर चंद्रभानजींचा लॅपटॉप दिवसभर सुरळीत चालला. आणि विक्रमचा नवाकोरा, कधी न अडखळलेला लॅपटॉप चंद्रभानजींसमोर तासाभरात घरघरू लागला आणि दुपारी पार अडून बसला.

विक्रम केबिनमधून बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून बघत राहिला. "अरे बाप्पा! काका, तुमच्या हातात काही आहे का गा?"

दुकानातली सगळी हसली. तो वाईट मनानं बोलला नव्हता. पण चंद्रभानजींनी खरोखरच आपले दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. दोन मशिनं, दोन्ही चांगली; दोन्ही त्यांच्यापुढे आली की थकतात. याहून स्पष्ट पुरावा तो काय हवा? आयुष्यभर ते असंच काहीतरी कुणीतरी सिद्ध करून दाखवील म्हणून भीत आले होते.

त्या संध्याकाळी त्यांनी भैय्याजींना सांगितलं, की महिनाअखेरीस मी थांबतो, बहिणीकडे जायचं म्हणतो. भैय्याजी पान चघळायचे थांबले. "काहून जी? पोरगं काही बोललं का?"

"नाही नाही. वय झालं."

"वय तर माझंही झालं. मी कुठं जाऊन राहिलो?" भैय्याजी म्हणाले आणि पुन्हा पान चघळू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रभानजींनी आपलं सामान आवरायला घेतलं. सामान ते काय? चष्म्याचं घर, एक शब्दकोश, आणि लॅपटॉपखालचं लाल मखमली आसन. हे आसन त्यांनी स्वतः इतवारीतून आणलं होतं, चांगलं जाड, कापूस भरलेलं. लिहिण्यावाचण्याची वस्तू गादीवर ठेवायची, जिथे येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय लागतो, हे त्यांच्यानं बघवेना. तेव्हा भैय्याजींनीही मान डोलावली होती: "बरोबर आहे, सरस्वतीले आसन पाहिजेच." त्यानंतर ते आसन कुणाच्या डोळ्यांनाच दिसेनासं झालं. देव्हाऱ्यातल्या वस्त्राकडे कोण वेगळं बघतं?

आसन घडी करून पिशवीत गेलं. लॅपटॉप कुठे ठेवावा ते कळेना, म्हणून त्यांनी तो बिलबुकांच्या जुन्या लाकडी डेस्कवर ठेवला आणि कामाला लागले. लग्नसराईचे दिवस, मान वर करायला फुरसत नव्हती. एकामागून एक बिलं निघत गेली. काटोलवाला आला, बिल घेऊन उठलासुद्धा. चंद्रभानजींना वाटलं, जाणार म्हटल्यावर मशीनलाही हायसं वाटलेलं दिसतं.

दुपारी सरिता आली. काम नवीन माणसाकडे जाणार म्हणून विक्रमनं तिला लॅपटॉप साफ करायला बोलावलं होतं. तिनं दोन-चार बटणं दाबली आणि थबकली. "काका, आज हा कधीपासून चालू आहे?"

"सकाळपासून."

"आणि अडला नाही?"

"नाही." मग त्यांनाच संशय आला. "म्हणजे... अडायला पाहिजे होता का?"

सरितानं लॅपटॉप उचलून खाली वाकून पाहिलं. मग गादीकडे पाहिलं. "इथं काहीतरी होतं ना? लाल?"

चंद्रभानजींनी भीत भीत पिशवीतून आसन काढून दिलं. तिनं ते गादीवर पसरलं, त्यावर लॅपटॉप ठेवला, मोठं बिल उघडलं आणि समोर मांडी घालून बसली. विक्रम आला, भैय्याजी आले. थोड्या वेळात घरघर सुरू झाली, मग ते चक्र फिरू लागलं. तिनं लॅपटॉप उचलला आणि चंद्रभानजींचा हात धरून आसनावर ठेवला. मखमल तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखी तापली होती.

"मशीन खालून हवा घेते काका. मखमलीत तिचं नाक बुजून राहिलं होतं. गरम झाली की जीव वाचवायला स्वतःच हळू चालते. मी मात्र दर वेळी आसन इथंच ठेवून मशीन घेऊन जात होती!" तिनं कपाळावर हात मारला.

"म्हणजे सरस्वतीले आपणच गुदमरवून राहिलो होतो," भैय्याजी म्हणाले आणि पोट धरून हसू लागले. विक्रम ओशाळून म्हणाला, "काका, हाताचं मी वापस घेतो बरं का. आता कळमेश्वर कॅन्सल."

सगळे हसत होते. चंद्रभानजीही हसले, पण त्यांचा गोंधळ वाढलाच होता. जायचं कारण एका घटकेत नाहीसं झालं होतं, आणि त्याच्या जागी राहायचं कारण काही आपोआप उगवलं नव्हतं. आता यंत्राच्या आड लपता येणार नव्हतं. जावंसं वाटतं का, याचं उत्तर त्यांचं त्यांनाच द्यायचं होतं. ते पुन्हा डेस्कपाशी जाऊन बसले. तेवढ्यात काटोलवाल्याचा माणूस विसरलेला गठ्ठा न्यायला आला, आणि त्याच्या बिलात एक साडी जास्त लागलेली चंद्रभानजींच्या ध्यानात आली. त्यांनी बिल दुरुस्त केलं. तो माणूस गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की ते करताना आपण कळमेश्वरचा विचारही केला नव्हता.

दुकान बंद व्हायच्या आधी त्यांनी आंतर्देशीय पत्र घेतलं आणि लिहिलं: "गोपिका, खोली पोरांना दे. मला अजून इथेच राहावंसं वाटतं. हे बरोबर आहे की नाही ते ठाऊक नाही, पण वाटतं हे खरं. हुरड्याला येईन, तेव्हा फोनपेक्षा जास्त बोलीन."

शेवटचं वाक्य फारच मोठं आश्वासन झालं असं त्यांना वाटलं. खोडावं का? ते पत्र हातात धरून कोपऱ्यावरच्या लाल पेटीपाशी उभे राहिले. मागून एक हातगाडीवाला ओरडला, "सरका जी बाबूजी!" ते दचकून सरकले, आणि सरकता सरकता पत्र आत टाकून मोकळे झाले.