मी शादलिया, वसीलाला माहेरी नेणारी होडी

मी शादलिया बोलतेय. नाव ऐकून कुणी बाई समजू नका हं, मी होडी आहे. शिडाची. केर्केना बेटावरच्या क्रातेन गावात माझा मालक खमैस, त्याच्या वडिलांनी मला घडवलं आणि स्वतःच्या आईचं नाव दिलं. ते आईला फार घाबरायचे, त्यामुळे मला कधी कुणी उलटसुलट बोललं नाही.

आमचा समुद्र उथळ. किनारा सोडून कितीतरी आत गेलात तरी पाणी कमरेला. तिथे खजुराच्या झावळ्यांची कुंपणं रोवून मासे अडवतात, तळाला मडकी सोडून ऑक्टोपस धरतात. वारा पडला की लांब काठी घ्यायची, तळाला टेकवायची, अंग झोकून द्यायचं, की होडी सुटलीच पुढे. खमैस काठी मारायचा ना, तेव्हा मला अगदी वरातीतल्या नवरीसारखं वाटायचं.

त्याची बायको वसीला मात्र खोल पाण्याकडची. पलीकडच्या मोठ्या किनाऱ्यावरच्या महदियाची. लग्नात खमैसने सासऱ्यांपुढे छाती फुगवून सांगितलं होतं, "तुमच्या लेकीला दर उन्हाळ्यात माझ्या शिडाच्या होडीतून माहेरी आणीन!"

आणि एकदाही आणली नाही. दर उन्हाळ्यात वसीला आपली फेरीबोटीने जायची, मग बसने; कधीमधी खमैस सोबत. तिची आई, उम्मी सालहा, पहिला प्रश्न तोच विचारायची, "होडीतून आलात का गं?" वसीला हसून म्हणायची, "पुढच्या उन्हाळ्यात, आई."

का नेलं नाही, ते फक्त मला ठाऊक होतं. दर वसंतात खमैस मला एकट्याने शेवटच्या कुंपणापर्यंत न्यायचा. तिथून पुढे तळ एकदम खाली जातो. तो काठी आत सोडायचा, काठी मुठीपर्यंत बुडायची, तरी काही लागायचं नाही. मग त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा व्हायचा आणि आम्ही गुपचूप परत. सगळा जन्म पाण्यात गेला, पण बिचाऱ्याला पोहता येत नाही! आमच्या गावात कितीतरी जणांना येत नाही. कमरेएवढ्या पाण्यात शिकायचं तरी कशाला?

पुढे त्याने इंजिनाची छोटी होडी घेतली आणि मला खजुराखाली पालथी घातली. पाच वर्षं! कोंबड्यांनी माझ्याखाली संसार थाटला. एक तांबडी तर मला स्वतःचीच मालमत्ता समजायची. फळ्या वाळल्या, फटी पडल्या. शेवटी पलीकडच्या सफाक्स शहरातला एक कॅफेवाला आला. मला मधोमध कापून सरबताचा कट्टा करणार म्हणे. खमैस मान खाली घालून म्हणाला, "न्या सवडीने. तशी ती पडूनच आहे."

त्याच आठवड्यात महदियाहून निरोप आला की उम्मी सालहा आता अंथरुणातून फारशी उठत नाही. वसीला तरातरा अंगणात आली, कोंबड्या हाकलल्या आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"खमैस, ऐक. एकेचाळीस उन्हाळे 'पुढच्या वर्षी' ऐकलं. आईला एकदा तरी माझं शीड दिसायला हवं. या उन्हाळ्यात नेतोस, की मी फेरीने जाऊ आणि तिथेच राहू?"

"अगं, पण होडी बघ की! चाळणी झालीय."

"चाळणी झालीय ना? मग बुजव."

काय सांगू तुम्हाला, असा आनंद मला पाण्यात पहिल्यांदा उतरले तेव्हाही झाला नव्हता!

म्हातारा तिजानी आला. फटी बुजवण्यात त्याचा हात धरणारा बेटावर कुणी नाही. फटीत कापूस ठोकताना तो सारखा मला दटावायचा, "हलू नकोस, म्हातारे!" मी कुठे हलत होते? त्याचेच हात हलत होते. वसीलाने दारात मांडी घालून शीड शिवलं. दुपारभर सुई चालायची, आणि तोंड तर त्याहून जास्त. खमैसने नाळेवर, म्हणजे माझ्या पुढच्या टोकावर, दोन्ही बाजूंना निळे मासे रंगवले. एक मासा जरा तिरळा झाला, तो अजून तसाच आहे.

मग तिजानीने मला उथळ पाण्यात नेलं, आत दगड भरले आणि चक्क बुडवलं. वाळलेल्या फळ्यांना पाणी पिऊन फुगू द्यावं लागतं, नाहीतर कितीही कापूस ठोका, गळतीच. किनाऱ्यावर गाव जमलं.

"काय रे खमैस, पाणबुडी करतोयस काय?"

"सासूबाईंना म्हणावं, वर बघू नका, खाली बघा!"

खमैस लालबुंद. मी आपली तीन दिवस पोटभर पाणी पीत पडून राहिले. चौथ्या दिवशी दगड काढले, पाणी उपसलं, आणि आत एक थेंब आला असेल तर शपथ! वसीलाने नाळेवर धूप फिरवला, संत्र्याच्या फुलांचं पाणी शिंपडलं, जवाची भाकरी आणि वाळलेला ऑक्टोपस आत ठेवला आणि आम्ही निघालो.

काय ती सकाळ! वारा पाठीशी, नवं शीड टम्म फुगलेलं. वसीला गाणं म्हणत होती, अगदी बेसूर. खमैस मात्र काठी घट्ट धरून बसला होता. शेवटचं कुंपण मागे पडलं, पाणी हिरव्याचं गडद निळं झालं, आणि नेमका तिथेच वारा पडला.

मी जागच्या जागी डुलत राहिले. खमैसला घाम फुटला. आणि घाबरलेला माणूस हाताला सवय असेल तेच करतो ना? त्याने काठी उचलली, डोळे मिटले, आत घातली आणि पन्नास वर्षांच्या सवयीने सगळं अंग तिच्यावर झोकून दिलं.

तळ होता कुठे? काठीमागोमाग खमैससुद्धा गेला! धप्पकन!

"अरे देवा!" वसीलाने शीड सोडलं, दोराचं एक टोक डोलकाठीला बांधलं, दुसरं हातात धरून पाण्यात उडी घेतली. साठीच्या पुढची बाई, पण महदियाची! गचांडी धरून तिने त्याला वर आणलं आणि माझ्या कडेला लटकावलं. कसेबसे दोघं आत येऊन पडले. खमैस खोकत होता आणि रडतही होता.

"मला खोल पाण्याची भीती वाटते, वसीला. पोहता येत नाही. लाज वाटायची तुझ्या घरच्यांसमोर. म्हणून..."

वसीला ताडकन उठून बसली. "म्हणून? एकेचाळीस वर्षं मला वाटत होतं, तुला माझं माहेर आवडत नाही!"

"वेडी आहेस का? तुझ्या आईच्या हातच्या कुसकुससाठी मी बसमध्ये उभ्याने जातो!"

वसीला आधी रडली, मग इतकी हसली की मीसुद्धा हलायला लागले. नंतर तिने दोराचं टोक त्याच्या कमरेला बांधलं आणि सुकाणू स्वतःकडे घेतलं. "तू शीड सांभाळ, खोल पाणी मी बघते." वारा आला आणि आम्ही निघालो. काठी कुठे वाहून गेली कोण जाणे, तिची कुणी आठवणही काढली नाही.

पहिला मुक्काम शेब्बाला, दुसरा सलक्तात. रोज ताजा मासा, रोज किनाऱ्यावर शेकोटी आणि पुदिन्याचा चहा. तिसऱ्या दिवशी खमैस चक्क कडेवर बसून पाय पाण्यात सोडून शीळ घालत होता. कमरेचा दोर मात्र सोडला नव्हता.

महदियाच्या टोकावर, समुद्राला लागून पांढऱ्या कबरी आहेत. त्यातल्या वसीलाच्या वडिलांच्या कबरीशेजारी खुर्ची टाकून उम्मी सालहा बसली होती. सलक्तातून निरोप गेला होता, म्हणून वसीलाच्या भाच्यांनी तिला उचलून आणलं होतं. तिने कपाळावर हात धरून शीड नीट पाहिलं आणि वारा कापत तिचा आवाज आला,

"उशीर केलात रे! कुसकुस कधीची गार झाली!"

वसीला धक्क्यापर्यंत थांबलीच नाही, कपड्यांनिशी पाण्यातून चालत आईकडे गेली. आणि खमैस, कमरेला दोर तसाच, तिच्या मागोमाग.

आता मी महदियाच्या धक्क्याला इंजिनवाल्या होड्यांमध्ये बांधलेली आहे. सगळ्या माझ्याकडे बघतात. बघू देत. तुमच्या अंगणात माझ्यासारखी कुणी पालथी पडली असेल, तर बाबांनो, एवढं करा: आधी कोंबड्या हाकला, मग तिला पोटभर पाणी पाजा.

काल त्या कॅफेवाल्याचा फोन आला होता, होडी कधी नेऊ म्हणून. खमैसने माझ्या तिरळ्या माशावर हात ठेवला, वसीलाकडे बघून डोळा मारला आणि म्हणाला, "देतो की! पुढच्या उन्हाळ्यात."