हळद लावलेली चकती

आमच्या काकांनी गवत कापायच्या मशीनची फुटलेली चकती वेल्डिंग करून आणली, दसऱ्याला तिची पूजा केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या बहिणीच्या पायांपासून चार हातांवर फिरवायचं ठरवलं. मी भडकलो. घरात सगळ्यांना प्रश्न पडला, विपुलला झालंय काय?

उमेळ्याला आमची वाडी आहे. केळी, थोडा सोनचाफा, आणि कुंपणाला लागून एक नवी इमारत, जिच्या गॅलऱ्यांतून लोक आमच्याकडे टीव्ही बघितल्यासारखे बघतात. बाबा नोकरीला, त्यामुळे वाडीतला हुकूम हिरामणकाकांचा आणि वाडीतलं काम रिद्धीताईचं. ब्रश कटर, म्हणजे लांब काठीच्या टोकाला पातं फिरणारं ते गवत कापायचं मशीन, घरात एकटी तीच चालवते. गमबूट चढवून, पट्टा खांद्यावर टाकून ती गवतात शिरली की बेडकांचे संसार उठतात.

मशीनला ब्लेड कुठलं लावायचं, हे मात्र काका ठरवतात. त्यांचा हिशोब सोपा : जास्त दात, जास्त चांगलं. मऊ गवताला नायलॉनची दोरी पुरते, जाड गवताला तीन पात्यांचं ब्लेड, आणि बारीक दातांची गोल चकती फक्त झुडपांना, हे ताईने त्यांना किती वेळा सांगितलं असेल.

"दोरीने गवत कापायचं?" काका म्हणायचे. "मग कपडे काय कोयत्यावर वाळत घालू?"

तर सगळ्याला चकतीच. ती गवतात कमी आणि बांधाच्या दगडांवर जास्त चालली, आणि पावसाळा सरता सरता तिच्या मधल्या भोकापासून कडेपर्यंत तडा गेला. अशी चकती फेकून द्यायची असते. काकांनी ती पिशवीत घालून डेन्झिलकडे नेली. डेन्झिल खिडक्यांच्या ग्रिल बनवतो. त्याच्या ग्रिल फार मजबूत असतात. पण ग्रिल एका जागी उभी राहते, तेवढाच काय तो फरक.

त्यात आमच्या घरचा नियम असा, की दसऱ्याला जे हत्यार पूजलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी चालवायचंच. नाहीतर ते वर्षभर रुसतं. हा नियम आजोबांनी कोयत्यासाठी केला होता. कोयता मिनिटाला हजारो फेरे घेत नाही; जे घेतं त्याचं काय, हे आजोबांना कुणी विचारलंच नसावं.

सकाळी चकती मशीनला लागलेली, वर हळद-कुंकू, काठीला झेंडूची माळ.

"काका, ही फुटणार," मी म्हटलं. "फुटली की तुकडा सरळ ताईच्या पायात."

"देवासमोर होती ती रात्रभर. आता काय होतंय तिला?"

"देवासमोर नारळ पण असतो. तोही फुटतोच."

"सुभद्रा, बघ तुझा मुलगा! सणासुदीचं काय बोलतोय!"

"विपुल, गप रे," आई म्हणाली. "भाऊजी, तुम्हीपण जरा बघा ना नीट."

"मग तुम्हीच चालवा," मी काकांना म्हटलं.

"माझे गुडघे दुखतात."

"तिचे राहिले तर पुढे दुखतील ना!"

काका हसलेसुद्धा नाहीत. ताई काही न बोलता पट्टा घालू लागली. भांडण नको म्हणून ती असंच करते, आणि तिचं ते गप्प राहणं बघून माझं डोकंच फिरलं. मी घरात गेलो, प्लास्टिकच्या खुर्च्या उचलल्या आणि गवतात ताईभोवती गोल मांडल्या. मग डेन्झिलला फोन केला. "ये, तुझा सत्कार आहे."

"बसा," मी सगळ्यांना म्हटलं. "वेल्डिंग पक्कं आहे ना? मग लांब कशाला उभं राहायचं? हळदीकुंकवाला बसता तसे बसा."

मला वाटलं, काका मागे हटतील. काका पुढच्या खुर्चीत जाऊन बसले. पायावर पाय टाकून. आता माघार घ्यायची तर मला घ्यावी लागली असती, म्हणून मीही बसलो. आई उभीच राहिली आणि आम्हा दोघांना एकदमच शिव्या घालू लागली. गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "ओ, कार्यक्रम किती वाजता आहे?"

तेवढ्यात डेन्झिल सायकलवरून आला. केस विंचरून आला होता बिचारा.

"बस ना," मी खुर्ची दाखवली.

त्याने खुर्ची बघितली, मशीन बघितलं आणि सायकल दोन पावलं मागे घेतली. "हिरामणभाऊ, ही चकती तुम्ही मशीनला लावली?"

"मग काय डोक्याला लावू?"

"अरे बाबा, मला काय ठाऊक! तुम्ही म्हणालात, पूजेला पाहिजे, जरा दिसायला नीट कर. मी वरून टाके मारून पॉलिश केलं. ही फिरवणार असं बोलला असतात तर हात नसता लावला. मी नाय बसणार इथे."

काका एकदम गवताकडे बघू लागले. मला जिंकल्यासारखं वाटलं आणि मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी ताई बोलली.

"झालं तुमचं दोघांचं?"

तिचा आवाज इतका शांत होता की आईसुद्धा थांबली.

"काकांना चकती खरी करायचीय. याला काका खोटे करायचेत. मध्ये मी. तुमच्या नादात मी मशीन सुरू केलं असतं तर? पाय माझे, आणि पैजा तुमच्या! एकाने तरी विचारलं मला, मी चालवणार आहे का?"

"मी तुझ्याचसाठी..." मी सुरुवात केली.

"खुर्च्या मांडल्यास. माझ्याचसाठी."

तिने पट्टा सोडला आणि बंद मशीन काकांच्या मांडीवर आडवं ठेवलं. चकती त्यांच्या गुडघ्याला टेकली. काकांनी पाय चोरला. मग चष्मा वर करून त्यांनी वेल्डिंगवरची हळद अंगठ्याने पुसली. हळदीखाली टाक्याच्या कडेनं केसाएवढी रेघ पुन्हा उघडलेली होती. अजून न फिरवताच.

"गवत ओलं आहे," काका म्हणाले. "आज राहू दे."

"आज नाही आणि उद्याही नाही," ताई म्हणाली. "यापुढे ब्लेड मी आणणार, मी लावणार, आणि चालवायचं की नाही तेही मीच सांगणार. नाहीतर हे मशीन तुमच्या मांडीवर छान दिसतंय."

"आणि घरचा नियम?"

"रुसू दे. मी समजूत काढीन."

ती गमबुटांसकट स्कूटरवर बसली. मी धावत गेलो. "ताई, मी येतो. ब्लेड निवडायला मदत..."

"तू खुर्च्या उचल," ती म्हणाली आणि गेली.