कुड्याची साल

निडी गावात कुणाचं पोट बिघडलं की पहिली हाक गिरजाबाईला. कुड्याची साल उगाळून तिनं दोन घोट पाजले की जुलाब थांबलेच म्हणून समजा. एकदा रोह्याचा कंपाउंडरसुद्धा तिच्याकडून साल घेऊन गेला होता, आणि ही गोष्ट गावात कुणाला सांगायची तिनं बाकी ठेवली नव्हती!

त्याच गिरजाबाईच्या नवऱ्याला, महिपतीला, मुंबईत केमो सुरू झाली. दुसऱ्या डोसानंतर आठव्या दिवशी सकाळीच त्याला घरी सहा जुलाब झाले, अंगही कसकसत होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, ताप किंवा जुलाब असले तर घरचं काही देऊ नका, तडक दवाखाना गाठा.

"त्यांना काय ठावं कुडा काय चीज हाय!" म्हणत गिरजाबाईनं सहाण ओढली.

तिसऱ्या खेपेला जुलाब थांबले. "हाय का नाय?" ती म्हणाली. एरवी उलटून बोलणारा महिपती भिंतीकडं तोंड करून पडला. चार वाजता तिनं त्याच्या पोटाला हात लावला, तर पोट टम्म फुगलेलं आणि अंगाला चटका बसेल असा ताप. तिचं माहेर पेणच्या खारपट्टीतलं. आत पाणी तुंबलेलं असताना बांधाची उघाडी, म्हणजे पाणी सोडायची झडप, बंद केली की बांध कसा फुटतो, हे तिनं लहानपणीच पाहिलेलं.

गावातल्या कान्हूच्या रिक्षातून तिनं महिपतीला तडक रोह्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरी काही औषध दिलं?"

कान्हू दारातच उभा होता. महिपती कण्हत म्हणाला, "नाय, काय नाय दिलं."

तिची लाज राखायला मरणाच्या दारात खोटं बोलत होता मेला! गिरजाबाईचे डोळे भरून आले.

"खोटं हाय बाई. कुडा दिला, तीन येळा, मीच दिला. जुलाब थांबले नि पोट फुगलं."

"बरं झालं बोललात. केमोनं अंगातली ताकद गेलीय, त्यात आतड्यात जंतू शिरलेत. जुलाब थांबले म्हणजे बरं वाटलं, असं समजून आम्ही फसलो असतो."

लगेच सलाईन लागलं, इंजेक्शनं सुरू झाली आणि ॲम्ब्युलन्सनं त्याला मुंबईला हलवलं. बाराव्या दिवशी तो घरी आला, पेज प्यायला आणि उलटून बोलला.

"कान्हूनं गावभर केलंय. आता कोण येणार गो तुझ्याकडं?"

"येतील की," सहाण धूत गिरजाबाई म्हणाली. "कुडा कुणाला द्यायचा नि कुणाला नाय, हे आता माझ्याइतकं कुणाला ठावं हाय?"