अकरा हात वायर

आमच्या घरात टीव्ही आला तेव्हा गावात टीव्ही दिसत नव्हता. म्हणजे टीव्ही दिसत होता, टीव्हीत काही दिसत नव्हतं.

आमच्या घरच्यांनी, म्हणजे सुभेदारांनी, पेन्शनीवर येताना तो मिलिटरीच्या कँटीनमधून घेतला आणि दोन रजयांत गुंडाळून दिल्लीहून कऱ्हाडपर्यंत मांडीवरच्या पोरासारखा आणला. सव्वीस वर्षं सिग्नलमध्ये काढलेला माणूस. आल्या दिवशीच त्यांनी कौलांवर पाइप उभा करून अँटिना चढवला आणि त्याचं तोंड पुण्याकडं केलं. पुणं आणि आमच्यामध्ये कोणकोणते डोंगर आहेत ते त्यांना नकाशावर तोंडपाठ होतं. पण नकाशात डोंगर चपटे असतात. पडद्यावर नुसत्या मुंग्या आल्या.

पहिल्या दिवशी निम्मं गाव मुंग्या बघून गेलं. दुसऱ्या दिवशी माझा चुलतदीर केरबा एकटाच आला. थोडा वेळ बसला आणि म्हणाला, "दादा, ह्या कालच्याच मुंग्या का आज दुसऱ्या सोडल्यात?"

त्यानंतर टीव्हीवर मी क्रोशाचा रुमाल घातला. वरती रेडिओ ठेवला. रेडिओ लागायचा.

सुभेदार घरी आले त्याला तेव्हा चार महिने झाले होते. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, पण वर्षाला दोन महिने सुट्टी धरली तर आमचा संसार चार वर्षं चार महिन्यांचा. लेक सांगलीला दिलेली, मुलगा बापासारखाच पलटणीत. घरात मी, सुभेदार आणि सासूबाई. सकाळी पाचला सुभेदार उठायचे, दाढी करायचे, बूट पॉलिश करायचे आणि मग कुठं जायचं ते त्यांना आठवायचं नाही. मी चहा द्यायची. ते "ठीक" म्हणायचे. मी "बरं" म्हणायची. एवढ्यावर दुपार व्हायची.

आणि पुण्याच्या एका कारखान्याचं पत्र आलं. फाटकावर जमादार पाहिजे, माजी सैनिकाला आधी, राहायला खोली, एक तारखेला हजर व्हावं. सुभेदारांनी ते पत्र घडी करून खिशात ठेवलं. कुणाला काही बोलले नाहीत. पण त्यांनी माळ्यावरची ट्रंक काढून उन्हात ठेवली. आमच्या घरात ट्रंक उन्हात ठेवली की पुढचं मला सांगावं लागत नाही.

त्याच आठवड्यात विट्याहून माझा धाकटा भाऊ नानासो आला. त्याचं मद्रासला सोनं गाळायचं दुकान आहे. जत्रेला गावी आला की तिथल्या बंदरावरच्या बाजारातलं काहीतरी घेऊन येतो. मागच्या साली छत्री आणली होती, ती बटण दाबलं की उघडायची आणि मिटायची नाही. या वेळी त्यानं पिशवीतून दोन खोकी काढली.

"दाजी, टीव्ही बंद का?"

"तुमच्या पुण्याला विचारा," सुभेदार म्हणाले.

"ह्याला पुणं लागत न्हाई," नानासो म्हणाला. "ह्यो टीव्ही गेम. पडद्यावर चेंडू येतो, दोन फळ्या येत्यात. गोल बटण फिरवायचं, फळी वरखाली. आत सेल घालायचं, पाठीमागं पिन लावायची. झालं."

मी रुमाल काढला. पिन लागली, मुंग्या गेल्या आणि काळ्या पडद्यावर एक पांढरा चौकोनी ठिपका टुक् टुक् करत इकडून तिकडं जायला लागला. चार महिन्यांत त्या टीव्हीनं पहिल्यांदा काही केलं होतं. सुभेदार उठून उभे राहिले. सावधान नव्हते, पण जवळपास.

"दोन हायत," नानासो म्हणाला. "एक तुमचं, एक माझ्या भागीदाराच्या घरी जायचं. मी आठ दिवसांनी येतो, तवर दोन्ही वापरा. आक्का, तूच निवड. टीव्हीवर रुमाल तुझाच हाय."

पहिलं खोकं नारिंगी. त्यात सहा खेळ. फिरवायची दोन्ही बटणं खोक्यावरच बसवलेली. दुसरं काळं, त्यात तीनच खेळ, आणि बटणं सुटी, वायरीच्या टोकाला लोंबणारी. केरबानं आल्या आल्या निकाल देऊन टाकला. "सहा म्हंजे सहा. तीन कशाला घ्यायचं? बैलं घेताना आपण पाय मोजून घेतो का न्हाई?"

तीन दिवस नारिंगी चाललं. सहांतला एक खेळ एकट्यानं खेळायचा होता. समोर भिंत, आपण चेंडू मारायचा, भिंत परत देणार. सुभेदारांना तो पसंत पडला. सकाळी दाढी-बूट झाले की ते पाटावर बसायचे आणि भिंतीशी खेळायचे. भिंत कधी चुकत नाही, कधी दमत नाही, काही विचारत नाही. मला त्यांची पाठ दिसायची. पाठ चांगली होती, ताठ होती, पण चहा ठेवून आले तरी ती पाठच राहायची. तिसऱ्या दिवशी ते पडद्याकडं बघतच म्हणाले, "हे मशीन बरं आहे. असलं काही असलं की माणसाला कुठलीबी खोली चालंल."

मी आत गेले आणि भाकरी थापली. ती भाकरी मी जरा जोरात थापली.

दुपारी त्यांना अंघोळीला पाणी दिलं आणि नारिंगी खोकं काढून कोनाड्यात ठेवलं, काळं लावलं. ते आले, बघितलं, "ह्यात भिंत कुठाय?" म्हणाले.

"भिंत न्हाई त्यात. दोन माणसं लागत्यात."

"मग?"

"केरबाभावजींना बोलवा की."

केरबा दोन संध्याकाळी आला, दोन्ही हरला आणि उसाला पाणी पाजायचं निमित्त काढून पांगला. मग सुभेदार एकटेच दोन बटणं दोन हातांत घेऊन बसले. उजवा हात डाव्याविरुद्ध. दुपारभर उजवा जिंकला. शेवटी त्यांनी दोन्ही बटणं खाली ठेवली.

"डाव्यात काय राम न्हाई," ते म्हणाले. आणि मग, सैपाकघराच्या दाराकडं न बघता, "तुला येतंय का?"

आता इथं एक अडचण होती. टीव्ही बाहेरच्या सोप्यात, आणि सोप्यातच सासूबाईंची, म्हणजे आत्याबाईंची, बाज. आत्याबाईंच्या समोर सुनेनं नवऱ्याच्या बरोबरीनं बसायचं नाही, ही आमच्याकडची रीत. कुणी जबरदस्ती केली नव्हती, तसं कुणी भात खायचीही जबरदस्ती केली नव्हती. लेकीचं लग्न झालं तरी मी त्या सोप्यात त्यांच्या शेजारी बसलेले नव्हते. उंबऱ्यावर बसावं तर उंबऱ्यावर बसू नये. म्हणजे राहिलं सैपाकघर. काळ्या खोक्याची वायर टीव्हीपासून निघून सोप्याच्या मध्यावर संपत होती.

दुसऱ्या दिवशी सुभेदारांनी टीव्हीपासून चुलीपर्यंत हातानं मापलं. अकरा हात. मग त्यांनी त्या उन्हात ठेवलेल्या ट्रंकेतून मिलिटरीच्या टेलिफोनची वायर काढली, पक्कड काढली, आणि दुपारभर बसून जोड दिले. एकेक जोड गुंडाळला, चिकटपट्टी लावली, ओढून बघितला. सव्वीस वर्षांत माझ्यासाठी त्यांनी पुष्कळ वस्तू आणल्या. माझ्यासाठी काही बनवताना मी त्यांना पहिल्यांदा बघत होते. मी मुद्दाम सावकाश भांडी घासली.

संध्याकाळी मी चुलीजवळ बसले, बटण हातात. दारातून पडदा दिसत होता. खेळ सुरू झाला आणि माझी फळी थरथरायला लागली. बटण मी स्थिर धरलेलं, पण फळी थंडी भरल्यासारखी वरखाली. पंधरा–दोन अशी हरले.

"घाबरू नको," सुभेदार म्हणाले.

"मी न्हाई घाबरत, फळी घाबरतीय."

"हात हलतोय तुझा."

"हात हलला असता तर इतकी वर्षं भाकरी गोल झाली असती का?"

त्यांनी उठून माझा हात बघितला. हात स्थिर होता. मग त्यांनी जोड तपासले, पुन्हा केले. पंधरा–तीन. जोड पुन्हा सोडले, पुन्हा बांधले. पंधरा–दोन. "लाइन लांब झाली की त्यात गडबड शिरते," ते शेवटी म्हणाले. "सरहद्दीवरबी तसंच व्हायचं. ह्याला एकच उपाय हाय, ठाणं जवळ आणायचं." आणि त्यांनी पक्कड खाली ठेवली. कारण ठाणं म्हणजे मी, आणि मध्ये आत्याबाईंची बाज.

दुसऱ्या दिवशी तीस तारीख होती. ट्रंक आत आली. घड्या करून दोन सदरे आणि गणवेशाची पँट आत गेली. नारिंगी खोकं कोनाड्यातून काढून त्यांनी हातात धरून बघितलं आणि ट्रंकेजवळ ठेवलं. मी बघितलं. आमच्यात बोलायची पद्धत म्हणजे "ठीक" आणि "बरं", आणि दोन्हींपैकी एकही शब्द इथं लागू पडत नव्हता.

तेवढ्यात बाजेवरून आवाज आला.

"हंबीर."

"जी."

"कालपासनं ती टुकटुक ऐकतीय मी. सून सारखी हरतीय."

"लाइन लांब हाय, आई."

"मग तोड की. तिला घे हितं बसायला."

सुभेदार माझ्याकडं बघायला लागले, मी त्यांच्याकडं. "आत्याबाई, आवं तुमच्या म्होरं..." मी म्हटलं.

"माझ्या म्होरं काय? मला काय दिसतंय व्हय गं?" म्हणाल्या आणि भिंतीकडं तोंड करून आडव्या झाल्या.

आत्याबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन दोन वर्षांमागं मिरजेला झालेलं. त्याच सकाळी त्यांनी बाजेवरून अंगणातल्या कोंबड्या मोजून एक कमी आहे म्हणून मला सांगितलं होतं, आणि ती कमी होतीही.

सुभेदारांनी पक्कड घेतली आणि अकरा हातांतली नऊ हात वायर कापून टोकं पुन्हा जोडली. मी हात पुसले, पदर नीट केला, उंबरा ओलांडला आणि त्यांच्या पाटाशेजारी चटईवर बसले. फळी थरथरली नाही. पंधरा–अकरा हरले. दुसरा डाव पंधरा–तेरा. तिसऱ्यात चौदा–चौदा असताना नानासो दारात आला.

"आक्का, कुठलं ठेवायचं?"

"काळं."

"खुळी का काय? सहा सोडून तीन?"

"काळं मळखाऊ हाय," मी म्हटलं. "नारिंगी सारखं पुसावं लागतं."

नानासोनं दाजींकडं बघितलं. दाजी पडद्याकडं बघत होते. मग त्यांनी हात लांब करून ट्रंकेजवळचं नारिंगी खोकं उचललं आणि त्याच्याकडं दिलं. नानासो चहा पिऊन गेला. त्या गडबडीत चौदा–चौदा तसंच राहिलं, मशीनला ते लक्षात ठेवता येत नाही.

नानासो गेल्यावर सुभेदारांनी कागद घेतला आणि ट्रंकेवर ठेवून लिहायला बसले. त्यांच्या पत्रांचं मला माहीत आहे. पलटणीतून पत्र यायचं ते सासऱ्यांच्या नावे, केरबा ते अंगणात मोठ्यानं वाचायचा, आणि त्याच्या आवाजात ऐकायचा कंटाळा येऊन मी त्याच पत्रांवरून वाचायला शिकले. इकडील क्षेम. तिकडील कळवणे. बैलांस जपणे. सव्वीस वर्षं बैल होते, म्हैस होती, विहिरीची मोटर होती. मी नव्हते. वडिलांच्या पत्रात बायकोचं नाव घालायची रीत नाही.

कागद त्यांनी माझ्यापुढं धरला. "शुद्धलेखन बघ."

मी वाचलं. *पुण्यास हजर होता येत नाही. कारण: घरगुती अडचण. कळावे.*

मी ते पुन्हा वाचलं. "शुद्ध हाय," म्हटलं.

त्यांनी कागद पाकिटात घातला, डिंक लावला, तिकीट चिकटवलं आणि पाकीट टीव्हीवर ठेवलं. मग बटण हातात घेतलं.

"हंबीर," बाजेवरून आत्याबाई म्हणाल्या, "तिकीट तिरकं लावलंस."

मी पहिला चेंडू सोडला.