झाडांच्या शेंड्यांवर गेलेला उजेड

दुपारचे सव्वातीन वाजले होते आणि अंधार केव्हाच पडला होता. समोरून आलेल्या, लाकूड वाहणाऱ्या ट्रकने दोनदा डिपर दिला. इर्मेलीबाईंनी ब्रेक दाबला आणि गाडी रांगू लागली. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला, मग लांबलचक वाजवला आणि शेवटी ओलांडून निघून गेली. पुढे रस्त्यावर काहीही नव्हतं.

नोव्हेंबर लागल्यापासून असं रोज होत होतं.

मित्रांनो, मी त्या गाडीचा डावा हेडलाइट आहे. वयाने जुना आणि अस्सल काचेचा. आमचं गाव फिनलंडच्या उत्तरेला, कूसामोच्या पलीकडे एका तळ्याकाठी आहे. तिथे समोरच्याने डिपर दिला की त्याचा अर्थ एकच: पुढे रस्त्यावर रेनडियर आहेत, सांभाळून ये. म्हणून इर्मेलीबाई ब्रेक दाबत. रेनडियर मात्र दिसत नसत. एवढे लोक आम्हाला खोटं का सांगताहेत, हे मला कळेना.

माझा जन्म एका कारखान्यात, तापलेल्या साच्यात झाला. आतून मला आरशासारखा चकचकीत मुलामा दिला आणि काचेवर बारीक उभ्या रेघा पाडल्या. लोकांना वाटतं, हेडलाइट म्हणजे बल्ब. तसं नाही. बल्ब नुसता जळतो. उजेड कुठे पाडायचा आणि मुख्य म्हणजे कुठे पाडायचा नाही, हे मी ठरवतो. साध्या झोताला, म्हणजे डिपरला, वरून एक कड असते. कडेच्या खाली रस्ता उजळतो, कडेच्या वर अंधार राहतो. त्या अंधारातच समोरून येणाऱ्याचे डोळे सुरक्षित असतात.

मला एकच गोष्ट जमत नाही. मागे वळून बघता येत नाही. मी पाडलेला उजेड गाडी चालवणाऱ्याला किती दिसतो, हे मला आजवर कळलेलं नाही.

इर्मेलीबाईंचे यजमान वेइक्को होते, तेव्हा दर शनिवारी सौना, म्हणजे वाफेच्या स्नानाची खोली, तापेपर्यंत ते ओल्या वर्तमानपत्राने माझी काच पुसत. गाडीच्या तपासणीला गेलो की तिथला माणूस माझ्यासमोर पेटीसारखं यंत्र ठेवून आत डोकावे आणि म्हणे, "या वयात एवढी सरळ कड!" माझ्या उजव्या भावाला एका रेनडियरच्या शिंगाने फोडलं. त्याच्या जागी नवा प्लास्टिकचा आला. मग वेइक्को गेले. त्यानंतर मला कुणी पुसलं नाही. रस्त्यावरचं मीठ आणि चिखल काचेवर साचत राहिला.

आता त्या नोव्हेंबरकडे येतो. इर्मेलीबाईंचा मुलगा यौनी ओउलू शहरात राहतो. गावातल्या कुणीतरी त्याला फोन करून सांगितलं, तुझी आई रस्त्यात मध्येच थांबते. तो आला आणि एक दिवस शेजारी बसून गाडीतून फिरला.

"आई, रस्ता दिसतोय का तुला?"

"अंधार आहे रे. पूर्वीपेक्षा जास्त वाटतो."

"अंधार तेवढाच आहे. तुझे डोळे गेलेत."

"माझे डोळे जागेवर आहेत. तुझी जीभ तेवढी सैल झालीय."

त्यावर दोघंही थोडं हसले. मग यौनीने मुद्द्याचं सांगितलं. वाहन परवाना नव्याने घ्यायचा होता आणि या वयात त्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो. डिसेंबरात तपासणी ठरली होती. "मी तुझ्याबरोबर येणार आणि जे पाहिलं ते डॉक्टरांना सांगणार," तो म्हणाला. परवाना गेला तर काय होणार, हे दोघांनाही माहीत होतं. आमच्या गावात बस येत नाही. तळ्याकाठचं घर विकून इर्मेलीबाईंना शहरातल्या दोन खोल्यांत जावं लागलं असतं.

दोन दिवसांनी शेजारचे ओइवा आमच्या मागोमाग अंगणात शिरले. आत्ताच वळणावर त्यांनी आम्हाला समोरून डिपर दिला होता आणि मग गाडी फिरवून ते मागे आले होते.

इर्मेलीबाई उतरल्या त्या चिडूनच. "कुठे होत्या रेनडियर? मी बैलगाडीसारखी आले सगळा रस्ता!"

"कसल्या रेनडियर? अगं बाई, तुझे दिवे माझ्या डोळ्यांत घुसले! डिपरवर घे म्हणून सांगत होतो. सगळं गाव सांगतंय तुला."

"मी डिपरवरच असते. वरच्या झोताची निळी खूण लागलेली नव्हती."

"निळी खूण तरी दिसते का?"

"तुझ्या नाकावरचा थेंब दिसतो इथून. पुस तो आधी."

ओइवांनी नाक पुसलं आणि आपली गाडी सरपणाच्या खोलीच्या भिंतीसमोर लावली. त्यांचे दिवे भिंतीच्या खालच्या फळ्यांवर पडले आणि कड सरळ दिसली. मग त्याच जागी आम्हाला उभं केलं. आमची कड छपराला जाऊन टेकली.

मला पहिल्यांदाच माझा उजेड असा भिंतीवर अडलेला दिसला. इतके दिवस पाइनच्या शेंड्यांवरचं बर्फ का चमकतंय, याचं मला नवल वाटत होतं. ते मीच चमकवत होतो. रस्त्यावर मात्र उजेडच पडत नव्हता.

"पण ऑगस्टमध्ये तपासणीत पास झालेत दिवे," इर्मेलीबाई म्हणाल्या. "तेव्हापासून हात नाही लावला कुणी."

"मग बदललं काय?"

इर्मेलीबाई गाडीच्या मागे गेल्या. त्यांनी डिक्की उघडली. यौनीने थंडी सुरू होण्याआधी तिथे वाळूची पोती भरून ठेवली होती. आमच्या गाडीचं इंजिन मागची चाकं फिरवतं. मागे वजन नसेल तर ती बर्फावर घसरतात, म्हणून इकडे सगळे असंच करतात. आई घसरू नये म्हणून त्याने हौसेने दोन पोती जास्तच टाकली होती. गाडी मागे बसली आणि आमची तोंडं वर झाली.

"पोती काढली तर चढावर घसरशील," ओइवा म्हणाले. ते आत बसून चाचपडू लागले. "हे बारीक चाक कसलं गं? आकडे आहेत याच्यावर."

"रेडिओचं असेल. वेइक्को कधी हात लावू द्यायचा नाही."

ओइवांनी ते फिरवलं. आत कुठेतरी बारीक मोटर घुरघुरली आणि उजव्याचा झोत भिंतीवरून खाली उतरला. मी तिथेच. मलाही मागून कुणीतरी ढकलत होतं, पण हलता येईना. इतक्या वर्षांत ते चाक कुणी फिरवलंच नव्हतं आणि माझा मागचा दांडा गंजून बसला होता.

"तुझा एक डोळा आकाशातच राहिला बघ," ओइवा म्हणाले.

बॉनेट उघडलं. इर्मेलीबाईंनी शिवणयंत्राचं तेल आणून माझ्या मागे सोडलं. ओइवांनी पेचकसाच्या मुठीने ठोकलं. काही झालं नाही. दोघं आत जाऊन कॉफी पिऊन, वेलदोड्याचा पाव खाऊन आले. पुन्हा चाक फिरवलं, पुन्हा ठोकलं. या वेळी मी कुरकुरत खाली आलो आणि उजव्याच्या शेजारी टेकलो. इर्मेलीबाईंनी ओल्या फडक्याने माझी काच पुसली. फडकं काळं झालं.

त्यांनी लगेच फोन लावला. यौनीचा आवाज मला ऐकू आला नाही. बाईंचं बोलणं तेवढं ऐकू आलं. "तुझ्याच पोत्यांनी. हो, तुझ्याच. नाही, मी बहाणे करत नाहीये. ये आणि बघ."

तो आला. आम्ही निघालो. समोरून गाड्या येत होत्या, जात होत्या. कुणी डिपर देत नव्हतं. मग एका वळणाआधी समोरच्या गाडीने डिपर दिला.

"अजून वरच आहेत दिवे," यौनी म्हणाला.

इर्मेलीबाईंनी ब्रेक दाबला. वळणापलीकडे खऱ्याच रेनडियर उभ्या होत्या, रस्त्याच्या मधोमध, आरामात.

"तीन," इर्मेलीबाई म्हणाल्या. "बघ, तिन्ही दिसतात मला."

"चार आहेत, आई."

चौथी काळपट होती, माझ्या बाजूला, बर्फाच्या ढिगाला लागून. माझा उजेड तिच्या अंगावर पडला होता. हे मी खात्रीने सांगू शकतो. बाईंना ती यौनीने सांगण्याआधी दिसली होती की नाही, हे मला सांगता येणार नाही.

मित्रांनो, एवढं करा. डिक्कीत वजन भरलंत की एकदा भिंतीसमोर गाडी लावून उजेड कुठे पडतो ते बघा. काच पुसा. आणि कुणाला दिसत नाही असं म्हणण्याआधी, त्याच्यापुढे उजेड पोचतोय का तेही तपासा. पण उजेड नीट झाला की दुसरा प्रश्न उरतो, बघणाऱ्याच्या डोळ्यांचा. तो माझ्या आवाक्यातला नाही.

आज सकाळी आम्ही डिसेंबरातल्या त्या ठरलेल्या तपासणीसाठी आरोग्य केंद्राच्या दारासमोर उभे आहोत. इर्मेलीबाई आत गेल्या त्याला बराच वेळ झाला. यौनी गाडीतच बसून होता. आत्ता एक परिचारिका दारात आली. "डॉक्टर विचारतायत, मुलाला काही सांगायचंय का?"

यौनी उतरला. माझ्यासमोर येऊन थांबला आणि बाहीने त्याने माझ्या काचेवरचं बर्फ झटकलं.

"आलो," तो म्हणाला आणि आत गेला. दार बंद झालं आहे.